मालगाडीला दूध नाही

आमचे घरमालक, त्यांना मी मामा म्हणायची, घड्याळ पाहत नसत. भिंतीवर एक घड्याळ होतं, मामींच्या भावानं वास्तुशांतीला दिलेलं. पण त्यातली वेळ कुणी सांगितली की मामा विचारत, "ते खरं आन् गाडी खोटी का?" त्यांचा दिवस रुळावरून यायचा. सकाळची पॅसेंजर आली की सकाळ, एक्सप्रेस गेली की दुपार, आणि चुडाव्याकडून शिट्टी देत दुसरी पॅसेंजर आली की संध्याकाळ. गाडी दीड तास लेट असली तर मामांची संध्याकाळही दीड तास उशिरा व्हायची. मामी ताटं वाढून बसलेल्या आणि मामा अंगणात कान देऊन उभे.

"हळदीच्या अंगानं बी ह्या माणसानं गाडीचा टाइम इचारला व्हता," मामी मला सांगत. "माझ्या बापाला वाटलं, जावई पळून जायलाय."

मामा रेल्वेच्या फाटकावर कामाला होते. सगळी नोकरी त्यांनी गावाबाहेरच्या एकाच फाटकावर काढली. ते निवृत्त झाले आणि पुढं वर्षभरात फाटकच बंद झालं, रुळाखालून भुयारी रस्ता निघाला. पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी साचतं, तेव्हा गावाला मामांची आठवण येते. मला ती यायला पाणी साचावं लागत नाही.

मी मूळची सेलूकडची. आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिली. आईवडील दोघंही दुसऱ्याच्या शेतात जाणारे. मामांच्या गावातल्या पोस्टाच्या शाखेवर माझी नेमणूक झाली, तेव्हा कामापेक्षा मोठा प्रश्न जागेचा होता. आमच्या खात्यात शाखेसाठी जागा आपली आपण बघावी लागते आणि गावात राहावंही लागतं. चार घरी मी विचारलं. एकटी पोरगी, कुठली, कुणाची, असं करून चारही घरांनी पाणी पाजून परत पाठवलं. पाचवं घर रुळाकडेला होतं. दारात एक उंच, वाळलेला माणूस शेळीच्या पिलाच्या तोंडात बोट घालून उभा होता. मी काम सांगितलं. त्यांनी बोट काढलं नाही.

"पोस्टात कागद लय असतेत का?" त्यांनी विचारलं.

"असतात."

"मग दाराला जाळी बसवा. कागद करडाच्या पोटात गेला तर तुमचा तर जाईलच, पण माझं करडू बी जाईल."

एवढीच अट. समोरची खोली पोस्टाला आणि मागची मला राहायला. भाड्याचं बोलणं मामींनी केलं, कारण तेवढ्यात एक्सप्रेसची शिट्टी झाली आणि मामा निघून गेले.

घरामागं त्यांच्या पंधरा-सोळा उस्मानाबादी शेळ्या होत्या, काळ्याभोर, लांब कानांच्या. करडांसाठी वेगळा आडोसा होता, आणि त्याचं दार म्हणजे मामांच्या आयुष्यातली एकमेव हौस. एक लांब बांबू, त्यावर लाल आणि पांढरे पट्टे रंगवलेले, एका टोकाला दोरीनं दगड बांधलेला. दोरी सोडली की बांबू उठायचा, ओढली की खाली बसायचा. हुबेहूब फाटक. गाडीची शिट्टी लांबून ऐकू आली की सगळी करडं पळत येऊन त्या बांबूपाशी ओळीनं उभी राहायची आणि ओरडायची. गाडी धडधडत गेली की मामा बांबू उचलायचे. मग करडं आयांखाली प्यायला सोडायची, आणि ज्यांना आई नाही किंवा आईला दूध नाही, त्यांना बाटली.

हे सगळं मला आधी पोरखेळ वाटलं. हसू यायचं. पण आमच्याही घरी लहानपणी शेळ्या होत्या, आणि दर हिवाळ्यात आमची करडं मरायची. दोन झाली तर एक जगायचं. आई म्हणायची, देवानं दिलं, देवानं नेलं. मामांच्या आडोशातलं करडू मी तिथं राहायला लागल्यावर पहिल्या हिवाळ्यात एकही मेलं नाही. तेव्हा मी हसायचं थांबवलं आणि बघायला लागले.

त्यांच्या शेळ्या व्यायला लागल्या की मी पोस्ट बंद करून मागं जायची. करडू जमिनीवर आलं की मामा आधी त्याचं नाक-तोंड पुसायचे, नाळेला औषध लावायचे आणि लगेच त्याला उचलून आचळाशी न्यायचे. एकदा शेजारचे एक म्हातारे काठी टेकत आले आणि भांडायलाच उभे राहिले.

"अरे, अजून जार पडला न्हाई! जार पडायच्या आधी पाजतेत का कुटं? शेळी मारशील."

"करडू प्यायलं की जार पडतोय, काका. आन् न्हाई पडला तर डॉक्टर हाय. पण चीक आता न्हाई गेला तर करडाला कोण हाय?"

"आमच्या बापजाद्यापासून..."

"बापजाद्याची किती करडं जगली, ते बी सांगा की."

म्हातारे रागानं निघून गेले. मी मात्र तिथंच उभी राहिले, कारण ते म्हातारे जे बोलले ते माझ्या आईचं बोलणं होतं. आमच्याकडं जार, म्हणजे वार, पडेपर्यंत करडाला चिकाचा थेंब देत नसत. कधी कधी अर्धा दिवस जायचा. करडू कोपऱ्यात थरथरत पडायचं आणि आम्ही भावंडं त्याच्या अंगावर पोतं घालून त्याच्या जगण्याची वाट बघायचो. देवानं नेलेली ती करडं खरं तर आम्हीच उपाशी ठेवली होती. मी त्याच दिवशी आईला फोन केला. आई म्हणाली, "मंग इतक्या दिवस कुणी कामून सांगितलं न्हाई गं?"

मामांचं बोलणं सगळं रेल्वेचं. माद्या त्यांच्या लेखी 'अप' आणि बोकड 'डाऊन'. हगवण लागलेल्या करडाच्या गळ्यात लाल चिंधी, बरं झालं की हिरवी. तोंड गार असलेल्या करडाला दूध द्यायचं नाही, आधी चुलीपाशी शेकायचं, कारण "इंजिन गार आन् डबे जोडले, मंग काय हुईल?" पण त्यांचं सगळ्यात आवडतं वाक्य पोटाबद्दल होतं. त्यांच्या उमेदीत इथं एकच रूळ होता, आणि एका टप्प्यात एक गाडी असेपर्यंत दुसरी सोडत नसत. पुढं दुसरा रूळ पडला.

"रेल्वे डबल झाली," मामा म्हणत, "पण करडाचं पोट आजून सिंगल लाइन हाय. एक गाडी आत हाय तवर दुसरी सोडायची न्हाई. करडू उपाशी मरतंय त्याच्या दुप्पट जादा पिऊन मरतंय. पण ते मेल्यावर लोक मनतेत, खाऊन-पिऊन मेलं बिचारं."

पहिल्यांदा मी बाटली हातात घेतली तेव्हा करडाला मांडीवर उताणं घेतलं, जसं आपण लेकराला घेतो.

"ते तुमचं बाळ हाय का, ताई? दूध छातीत जाईल. चार पायावर उभं करा. मान वर. आईखाली कसं पितंय, तसं."

मी उभं केलं. दूध किती ऊन आहे ते मामा बाटली डोळ्याखाली गालाला लावून बघत. हाताला कामाचे घट्टे पडलेले, म्हणाले, हात खोटं सांगतो. मीही तसंच करायला लागले.

"बगितलं?" ते म्हणाले.

"काय?"

"शेपटी, तोंड, पोट."

शेपटीखाली हगवणीचं काही नाही, तोंड ऊन आहे, पोट रिकामं आहे. मी तिन्ही बघितलं आणि हो म्हणाले.

"मंग नंबर द्या."

मला कळेना. तेव्हा त्यांनी समजावलं. फाटकावर स्टेशनातून फोन यायचा, फाटक लावलं का? नुसतं 'लावलं' म्हणून चालत नसे. दोन आकडी एक नंबर द्यायचा आणि समोरच्यानं तो पुन्हा म्हणायचा. तो नंबर म्हणजे जबान. मी माझ्या डोळ्यानं बघितलंय, माझ्या हातानं लावलंय, आता गाडी सोडा.

"आणि कुणी खोटाच नंबर दिला तर?" मी विचारलं.

मामा असे बघत राहिले, जसं मी कुणाच्या मयतीत हसले.

"तसं करत न्हाईत, ताई," ते म्हणाले.

मग रोज संध्याकाळच्या गाडीला एक बाटली माझी झाली. शेपटी, तोंड, पोट, आणि मग "बावीस". मामा पलीकडून म्हणत, "बावीस." मामी चुलीपासून ओरडत, "लागली का लॉटरी?"

करडाचं नाव ठेवायची मामांची एक रीत होती. करडू जन्मल्याबरोबर नाव नाही. दोन-तीन आठवड्यांनी ते शेवरीच्या, बोरीच्या पाल्याला तोंड लावू लागतं. मामा पाल्याची पेंढी त्याच्या नाकाच्या उंचीला टांगत. मग एखाद्या दुपारी ते सावलीत बसून पहिल्यांदा रवंथ करतं. तो दिवस नावाचा. त्याच्या आधी कुणी लाडानं काही म्हटलं की मामा चिडत.

"नाव ठेवलं की हात सैल सुटतो. हात सैल सुटला की करडू गेलं."

मला हे बोलणं कठोर वाटायचं. मी मनात म्हणायची, फाटकावर एकट्यानं राहून माणूस कोरडा झालाय. पण तसंही म्हणता येत नसे. खात्याच्या परीक्षेचा अभ्यास मी पोस्टाची वेळ संपल्यावर करायची. तरी लोक यायचे, पासबुक घेऊन, पत्ता लिहून घ्यायला, नुसतं बसायलाही. एके दिवशी बघते तर माझ्या दाराच्या कडीला लाल चिंधी बांधलेली आणि मामा ओट्यावर बसून एका बाईला सांगतायत, "लाल हाय. आत जायचं न्हाई. पोरगी अब्यास करायलीय." परीक्षा होईपर्यंत ती चिंधी रोज त्याच वेळी लागायची. माझ्या आईवडिलांनी मला शिकवायला काय काय सोडलं ते मला माहीत आहे. पण मी अभ्यास करतेय म्हणून दारावर पहारा देणारा माणूस मला तिथं पहिल्यांदा मिळाला.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला करोनाची टाळेबंदी आली आणि पॅसेंजर, एक्सप्रेस सगळं बंद झालं.

पहिल्या सकाळी करडं आणि मामा दोघंही वाट बघत उभे. मी मोबाइल दाखवला, वेळ झालीय म्हटलं. त्यांनी हात केला, थांबा. मग जरा वेळानं रिकाम्या रुळाकडं बघत ते म्हणाले, "आता ती वळणावर आली असती." आणखी थोड्या वेळानं, "गेली असती." आणि बांबू उचलला. मी घड्याळ बघितलं. दोन मिनिटांचा फरक.

"गाडी बंद हाय," मामा म्हणाले, "पोट चालू हाय."

मालगाड्या मात्र धावत होत्या, आणि लाइन मोकळी म्हणून जास्तच. सकाळी, भर दुपारी, कधीही शिट्टी व्हायची. करडांना मालगाडी आणि पॅसेंजर सारखीच. शिट्टी म्हणजे दूध. ती धावत येऊन बांबूपाशी उभी राहायची आणि जीव तोडून ओरडायची. मामा जागचे हलत नसत. "मालगाडीला दूध न्हाई," एवढंच बोलत.

त्या कळपात तेव्हा एक आईवेगळं करडू होतं. आई व्याली आणि दुसऱ्या दिवशी गेली. दुसऱ्या शेळीचा चीक पाजून मामांनी त्याला जगवलं होतं. काळं, कपाळावर नखाएवढा पांढरा ठिपका. रोज सकाळी ते जाळीखालून पोस्टात शिरायचं आणि माझ्या टेबलाखाली पायाशी बसायचं. गावात कुणी कुणाकडं जात नव्हतं, मला घरी जाता येत नव्हतं. मी त्याला हळूच एक नाव ठेवलं. कुणाला सांगितलं नाही. मामींनी एकदा ऐकलं, पण त्या हसल्या फक्त.

आणि मग मामांना ताप आला. साधाच असेल, पण ते दिवस साध्या तापाचे नव्हते. गावच्या शाळेत विलगीकरणाच्या खोल्या केल्या होत्या, तिथं त्यांना चौदा दिवस ठेवायचं ठरलं. मामा स्वतः वळकटी काखेत मारून निघाले. मामींना नाही, मला म्हणाले, "हिचे गुडगे गेलेत. जिम्मा तुमचा. टाइम मोबाइलात बगा. पण मालगाडीला दूध न्हाई. किती बी वरडू द्या."

"हो, मामा."

"आन् ते आईबिगर करडू चार-आट दिसात रवंथ करंल. तेवडं सांबाळा."

दोन दिवस मी सगळं बरोबर केलं. संध्याकाळी शाळेत डबा घेऊन गेले की मामा खिडकीतून विचारत, "नंबर?" मी सांगायची. ते पुन्हा म्हणत.

तिसऱ्या दिवशी दुपारी मालगाडी गेली आणि ते करडू बांबूपाशी ओरडत राहिलं. बाकीची थांबली, हे थांबेना. बाकीच्यांच्या आया आहेत, असं माझ्या मनात आलं. यालाच कुणी नाही. मी थोडंसं दूध कोमट केलं आणि पाजलं. ते माझ्या पायाला अंग घासत गेलं. किती बरं वाटलं मला! मग दुसरी मालगाडी आली. मग तिसरी. चौथ्या दिवशी मी त्याला किती वेळा पाजलं ते मी मोजलं नाही. वर मूठभर भरडाही चारला. शेपटी, तोंड, पोट काही बघितलं नाही. आणखी दोन करडं पुढं घुसली, त्यांनाही दिलं.

पाचव्या दिवशी सकाळी ते पोस्टात आलं नाही. जाऊन बघते तर आडोशात आडवं. पोट ढोलासारखं ताणलेलं, मान मागं ओढलेली, पाय हवेत झाडत होतं. गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारले आणि म्हणाले, "दूध जास्त झालंय, बाई. आतड्यात विष होतं त्याचं. बाकीच्यांचं दूध आधी थांबवा." ते निघतो म्हणाले, पण त्याआधीच दुपारच्या सुमाराला सगळं संपलं. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात दूध होतं, माझंच.

डबा घेऊन मी शाळेत गेले. मामा खिडकीशी उभे होते. मी सांगितलं, आईवेगळं करडू गेलं. त्यांनी डबा घेतला. मग आपल्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "पाजायच्या आधी बगितलं व्हतं?"

"हो."

"नंबर?"

मला तेव्हा खरं सांगता आलं असतं. सगळं आयुष्य मी परीक्षेत चुकेन की काय या भीतीत काढलेलं. तोंडातून निघून गेलं, "सत्तेचाळीस."

मामांनी माझ्याकडं बघितलं. "सत्तेचाळीस," ते म्हणाले. रीत होती म्हणून म्हणाले. मग खिडकीच्या गजाला धरून विचारलं,

"नाव काय ठेवलं व्हतं?"

"चिठ्ठी," मी म्हणाले.

"हं," ते म्हणाले. "बाकीच्यांला लाल बांधा. दूध बंद. मीठ-गुळाचं पाणी द्या घोट-घोट. डॉक्टर आले की त्ये मनतील तसं."

ती दोन करडं वाचली. मामा चौदा दिवसांनी परत आले, वळकटी ओट्यावर टाकली आणि आधी आडोशात गेले. एकेकाची शेपटी, तोंड, पोट. मी बाजूला उभी. संध्याकाळची वेळ झाली तशी मी सवयीनं बाटली भरली, गालाला लावली. मामांनी हात पुढं केला.

"द्या इकडं. मी पाजतो."

बस. त्यानंतर मी तिथं दीड वर्ष होते. त्या दीड वर्षात मामा माझ्याशी एकदाही वाकडं बोलले नाहीत. लाल चिंधी रोज दाराला लागली. मी परीक्षा पास झाले तेव्हा त्यांनी गावभर पेढे वाटले आणि करडांच्या फाटकाला झेंडूची माळ घातली. पण बाटली माझ्या हातात पुन्हा दिली नाही, आणि नंबर पुन्हा मागितला नाही. संध्याकाळी ते स्वतःच तिन्ही गोष्टी बघायचे, स्वतःच नंबर म्हणायचे आणि स्वतःच तो पुन्हा म्हणायचे. मी पोस्टाच्या दारातून ऐकायची. शिव्या दिल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते.

निघायच्या दिवशी सांगायचं ठरवलं होतं. पण सामानाचा टेम्पो आला, मामींनी ओटी भरली, आणि मी सांगितलं नाही.

आता मी मोठ्या कार्यालयात आहे, खिडकीवर काम करते, राहते स्टेशनजवळ. गाड्या इथूनही जातात. मालगाडीची शिट्टी वेगळी असते असं मामा म्हणायचे. तेव्हा मला कळत नसे, आता कळते. काहीजण आपल्याला काय शिकवून गेले, हे ते गेल्यावरच मोजता येतं. मामांना जाऊन हा दुसरा उन्हाळा. कधी कामावरून येताना वाटतं, गाडीत बसून मामांच्या गावच्या त्या लहान स्टेशनावर उतरावं, रुळाच्या कडेनं चालत जावं, लाल-पांढरा बांबू दिसेल. पण मामी आता लेकीकडं असतात आणि शेळ्या विकल्या.

ते जायच्या आधीच्या हिवाळ्यात मी एकदा गेले होते. मामींनी फोनवर सांगितलं होतं, कानानं पार गेलेत, गाडी बी ऐकू येत न्हाई. मला वाटलं, मग यांची सकाळ कशी होत असेल? जाऊन बघते तर मामा अंगणात बाजेवर बसलेले, तोंड रुळाकडं नाही, आडोशाकडं. करडं पळत येऊन बांबूपाशी उभी राहिली की मामांना कळायचं, गाडी आली. इतकी वर्षं ते करडांना गाडी सांगत होते, आता करडं त्यांना सांगत होती.

चहा झाला. मी जवळ बसले आणि म्हणाले, "मामा, मला एक सांगायचंय." त्यांना ऐकू गेलं नाही.

"वरडून सांग, माय," मामी म्हणाल्या. "तसं काई पोचत न्हाई."

मी ओरडले. "मामा, चिठ्ठीला मी मालगाडीला पाजलं होतं! किती वेळा ते मोजलंही नाही! काही बघितलं नव्हतं! नंबर खोटा दिला होता!"

समोरच्या ओट्यावरच्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. रस्त्यानं जाणारा एकजण सायकल थांबवून उभा राहिला.

"म्हाईत हाय," मामा म्हणाले. "इतकं वरडू नका. करडं बुजतेत."

मग ते उठले. बाजेखालून बाटली काढली, दूध भरलेली, आणि माझ्या हातात दिली. मी गालाला लावली. बरोबर ऊन होती. आडोशात एक लहान करडू होतं, पंधरा दिवसांचं असेल, अजून नाव नसलेलं. मी खाली बसले. शेपटी बघितली. तोंडात बोट घातलं. पोटावर हात ठेवला.

तेवढ्यात सगळी करडं उठून बांबूकडं पळाली आणि ओरडायला लागली. मामांनी त्यांच्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं.

"कोणती हाय?"

मी कान दिला. लांबून शिट्टी आली, जड, लांबलेली.

"मालगाडी!" मी ओरडून सांगितलं.

"मंग?"

"थांबायचं!"

करडू माझ्या हाताला ढुशा देत होतं, बाटलीवर तोंड मारत होतं. मी बाटली वर धरली. गाडी आली, डबे मोजता येणार नाहीत एवढी लांब, आणि ती जाईपर्यंत ते ओरडत राहिलं. मी हात सैल सोडला नाही.

सगळं शांत झाल्यावर मामांनी माझ्या तोंडाकडं नीट बघता यावं म्हणून मान वाकडी केली.

"नंबर द्या," ते म्हणाले.

"सत्तेचाळीस," मी म्हणाले. ओरडले नाही. त्यांनी माझे ओठ बघितले.

"सत्तेचाळीस," मामा म्हणाले.